रुपचंदची अधोली

चुडामण पाटील मोठा शूर माणूस. जर्मनाशी लढला, आणि तेही आपल्या ओट्यावरून न उठता. धुळ्याच्या साहेबाने भर दरबारात त्याला जरीचा मंदील बांधला तो काय उगाच? त्या मंदिलाची गोष्ट गावात जो तो कुजबुजत सांगतो. मला कुजबुजता येत नाही. मी भिकुबाई, चुडामणच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. आमचं कूळ एक, आमची कानबाई एक, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. नसता तरी मी बोललेच असते.

सरकारची ती लढाई सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, चार महिन्यांत मिटेल. आमच्याकडे दोन भाऊबंद बांधावरून भांडतात तेसुद्धा पेरणी आली की थांबतात. हे राजे लोक थांबेनात. आधी कडबा नेला, मग खेचरं नेली, मग कापसाच्या गाड्या अडवल्या. तरी पोट भरेना, तेव्हा माणसं मागायला लागले. अर्ध्या जगावर राज्य करणारं सरकार म्हणे, आणि त्याला लढायला माणूस कोण देणार, तर पांझरेकाठचा पाटील. ज्याच्या घरात एवढं ऐश्वर्य त्याच्या दारात शिपाई नसावा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. माणसं जिथे न्यायची ते बसरा कुठे आहे, हे आमच्या चावडीत कोणालाच माहीत नव्हतं. चुडामणला विचारलं तर त्याने हात लांब करून सुरतेकडे दाखवलं.

लढाईच्या चौथ्या साली, उन्हाळ्यात, मामलेदाराने तालुक्यातल्या सगळ्या पाटलांना धुळ्याला बोलावलं. भरतीत जो पाटील पुढे राहील त्याला मंदील, आणि कलेक्टरच्या दरबारात बसायला खुर्ची. जो मागे राहील त्याची पाटीलकी दुसऱ्या भाऊबंदाकडे. चुडामण परत आला तो खुर्ची डोक्यात घेऊनच आला. घरात बाजेवर बसेना, खाली बसेना. बसला की म्हणायचा, "पाठ टेकाले काही तरी जोयजे." यशोदाबाई, त्याची बायको, माझी जाऊ, शांत बाई. ती म्हणाली, "भिंत शे ना."

पण माणसं आणायची कुठून? साहेबाचं नाव काढलं की गावातला तरणा गडी पेंढ्यात लपायचा. पाटील दारात येऊन विचारी, घरात गडी किती? बायका सांगत, एकच, तोही खोकतो. आमच्या गावात इतके खोकणारे आहेत हे त्या उन्हाळ्यात प्रथम कळलं. शेजारच्या गावचा पाटील बिचारा दारोदार फिरून थकला आणि मामलेदाराच्या शिव्या खाऊन गप्प बसला. चुडामण गप्प बसणाऱ्यातला नव्हता. आळशी माणसाला युक्त्या फार सुचतात.

श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर कानबाई ही आमच्या कुळाची माय. तिच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागे एकेक माप गहू घालतात. आमच्या कुळात माप अधोलीचं, म्हणजे अर्ध्या पायलीचं. काल जन्मलेल्या पोराचीही एक अधोली, आणि खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याचीही एक. माणूस सुरतेच्या गिरणीत असो की आणि कुठे, त्याचीही अधोली पडते. ते गहू घरीच दळतात, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात आणि भाऊबंदांनीच खातात. परक्याला त्यातला घास देत नाहीत, गुराढोरांना घालत नाहीत, टाकत नाहीत. पुनवेच्या आत सगळा संपला पाहिजे. अधोली चुकते ती फक्त मेलेल्या माणसाची.

चुडामणने हे पकडलं. चावडीत लोक जमवले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "सरकारले गडी मोजना शेतस. तुम्हीन माले खोटं सांगशात, मामलेदारले सांगशात. पन कानबाईसमोर कोनी खोटं बोलाव नही. जितल्या अधोल्या तितला गडी." आणि कुलकर्ण्याला सांगितलं की घरोघर बस, अधोली पडताना नाव विचार आणि लिही.

बायका घरी येऊन बोलल्या, आणि जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही. देवीच्या घरात चोरासारखा शिरलेला पाटील आम्ही आधी कधी पाहिला नव्हता.

माझ्या घरी एकच तरणा पुरुष, माझा अभिमन. त्याचा बाप गेला तेव्हापासून वावर त्याच्याच अंगावर. सून पोटुशी होती. कुलकर्णी ओट्यावर दौत-लेखणी घेऊन बसला आणि मी गव्हाच्या कोठीपाशी अधोली हातात धरून उभी राहिले. घालू नको, असं मन सांगत होतं. एक अधोली कमी पडली तर कोणाचं काय जातं? अभिमन वाचतो. मग वाटलं, कानबाईच्या पुढे आपल्या जित्या पोराला मेला म्हणायचं? ज्या तोंडाने त्याच्यासाठी जन्मल्यावर औक्ष मागितलं त्या तोंडाने? मी अधोली भरली, काठोकाठ भरली आणि सुपात ओतली. "अभिमन," म्हटलं. कुलकर्ण्याने लिहिलं.

गावातल्या एकेका बाईने असंच केलं. रडत, शिव्या घालत, पण केलं. एकीनेही अधोली चुकवली नाही.

पाटलाच्या घरी माप घालायला आम्ही भाऊबंदांच्या बायका जमलो होतो, रीतच आहे तशी. यशोदाबाईने पहिली अधोली चुडामणच्या नावाने घातली. दुसरी त्याच्या म्हाताऱ्या काकाच्या, उखर्डूनानाच्या नावाने. तिसरी तिने भरली. ती रुपचंदची, तिच्या एकुलत्या एका पोराची. रुपचंद तेव्हा वावरातल्या झोपडीत होता. चुडामणने त्याला पंधरवडाभर आधीच रानडुकरं राखायच्या निमित्ताने तिकडे धाडलं होतं, आणि साहेब येऊन जाईपर्यंत गावात फिरकू नको म्हणून बजावलं होतं. उंच, रुंद छातीचा पोरगा, नांगर एका हाताने उचलायचा. साहेबाच्या नजरेला पडला असता तर साहेब त्याला घोड्यावर बांधून घेऊन गेला असता.

यशोदाबाईचा हात सुपावर आला आणि चुडामण दारातून म्हणाला, "राहू दे."

ती थांबली. आम्ही सगळ्या थांबलो. कुलकर्णी लेखणी कानावर ठेवून छपराकडे पाहायला लागला.

"अहो, रुपचंदनी शे," ती म्हणाली.

"राहू दे म्हनना ना."

तिने अधोली परत कोठीत ओतली. गहू पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे आम्ही आयुष्यभर ऐकलेलं. पण कानबाईपुढे स्वतःच्या जित्या लेकाचं माप मागे घेणारा बाप त्या दिवशी प्रथमच पाहिला. आणि तोंड पाहाल तर असं, की काही घडलंच नाही. पान चघळत होता.

मी बाहेर पडताना त्याला गाठलं. म्हटलं, "भाऊ, तुना लेक वाचाडा. मना अभिमननं काय?"

"वैनी, अभिमन मना भाऊनं लेकरू शे," तो म्हणाला. "आपुन एक रोट खातस. त्याले कोन हात लावस ते मी देखस."

मी विश्वास ठेवला. कानबाईच्या रोटाचं नाव घेऊन बोललेल्या शब्दावर नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा? नावं लिहिली गेल्यावर गावातले बाकीचे तरणे गडी एकेक करून निसटले. कोणी तापी ओलांडून सातपुड्यात, कोणी निमाडात मावशीकडे. अभिमनही निघाला होता. मीच त्याला थांबवलं, चुडामणभाऊंनी शब्द दिला आहे म्हणून.

इकडे चुडामणने कुलकर्ण्याकडून नावांची बेरीज करवून घेतली. वयाचा रकाना त्याने कोराच ठेवायला लावला, कारण वय लिहिलं की आकडा लहान दिसतो. अधोलीला वय नसतं. धुळ्याला बेरीज पोचली आणि मामलेदाराने कपाळाला हात लावला म्हणे, आनंदाने. एवढ्या लहानशा गावात एवढे लढवय्ये. साहेब म्हणाला, हे गाव मी स्वतः पाहणार.

कानबाई उठली, नदीवर बोळवून आलो. घरोघर रोट खाणं चालू होतं, आणि त्याच दिवसांत साहेब आला. तांबडाबुंद, घामाने भिजलेला, पाऊस नसल्यामुळे धुळीने माखलेला. बरोबर मामलेदार, एक डॉक्टर आणि दोन शिपाई. चावडीपुढे खुर्ची मांडली होती. चुडामणने ती खुर्ची साहेबाला देताना तिच्याकडे असं पाहिलं, की माझीच आहे, जरा वेळ बसा.

कुलकर्णी नावं वाचायला लागला.

पहिलं नाव चिंधा. त्याची आई पुढे आली, पदराखाली पोरगं पीत होतं. साहेबाने विचारलं, आदमी कहाँ है? ती म्हणाली, हाच. पोराने तोंड काढून साहेबाकडे पाहिलं आणि परत आत घातलं.

मग उखर्डूनाना. दोन जणांनी खाटेसकट आणला. डोळे गेलेले, कान गेलेले. डॉक्टरने छाती मोजायला फीत काढली तर म्हातारा म्हणाला, कफन नंतर मोजा, अजून वेळ शे. मामलेदार रुमालात खोकला.

मग झिपरू. तो कोण्या बैराग्याबरोबर नर्मदेवर गेला त्याला इतकी वर्षं झाली होती की त्याची बायकोसुद्धा त्याचा चेहरा विसरली होती. पण मेल्याची खबर नाही, म्हणून अधोली दरसाल पडत होती. ती म्हणाली, "साहेब, तुमले सापडना ते माले पन सांगा."

असं एकेक नाव, एकेक पोर, एकेक म्हातारा. तरणं नाव आलं की उत्तर यायचं, परगावी गेला. साहेबाचं तोंड तांबड्याचं जांभळं झालं. मी पुढच्याच रांगेत उभी होते. मला हसू येत होतं. मोठ्या तोफा ओढणारं सरकार आणि त्याची फौज म्हणजे आमच्या आळीतली रांगती पोरं. जर्मनाला ही खबर लागली असती तर त्याने त्याच दिवशी पेढे वाटले असते.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. साहेब उठला, मामलेदाराला इंग्रजीत काहीतरी बोलला, आणि मामलेदाराने चुडामणला सांगितलं: "पाटील, साहेबांनी वर कळवून ठेवलं आहे. या गावातून आज एकही माणूस गेला नाही तर त्यांची नाचक्की होईल. एक तरी धड माणूस द्या. नाही दिला तर पाटीलकी ठेवा इथेच."

चुडामणने इकडे तिकडे पाहिलं नाही. विचारही केला नाही. सरळ बोट केलं. "तो अभिमन. धट्टाकट्टा शे."

शिपायांनी अभिमनला पुढे ओढलं. डॉक्टरने फीत घातली, दात पाहिले, पोटऱ्या दाबल्या. बाजारात बैल घेताना माणूस निदान बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो. मी पुढे झाले. "भाऊ, त्वा शब्द दिधा व्हता," म्हटलं.

"सरकारनं काम शे, वैनी. मना हात मा काय शे?"

तुझ्या हातात काय होतं ते मी पाहिलं होतं. अधोली होती. माझ्या जिभेवर रुपचंदचं नाव आलं. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, पाटलाच्या वावरात जा, झोपडीत पाहा. अभिमन सुटला असता. पण रुपचंदला मी अंगाखांद्यावर खेळवला होता, मला मोठमाय म्हणायचा. त्याने काय केलं होतं? बापाच्या पापाला लेकराला कसं पुढे ढकलायचं? माझं पोर जातंय म्हणून दुसरीचं पोर दाखवून द्यायचं, तर मग माझ्यात आणि चुडामणमध्ये फरक तो काय राहिला? जीभ दाताखाली धरून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलं नाही. पाहू दे त्याला.

साहेबाने अभिमनला विचारलं, "खुशी से आता है?" तसं विचारायचा त्यांचा कायदा होता. गळ्याला दोर लावायचा आणि विचारायचं, खुशी आहे ना? अभिमनने मान खाली घातली. बोलला नाही.

"खुशी शे साहेब," चुडामण म्हणाला. "खुशीच खुशी शे."

"तुमको नहीं पूछा," साहेब म्हणाला. पुन्हा अभिमनला विचारलं. अभिमन पुन्हा गप्प. आता साहेबालाही घाई झाली होती. शिपाई शाई घेऊन अंगठा धरायला पुढे आला.

त्याच वेळी तिकडे पाटलाच्या घरात काय झालं होतं ते यशोदाबाईने मला मागाहून सांगितलं. रुपचंद वावरातून घरी आला होता. बाप चावडीत साहेबापाशी आहे, तेवढ्यात रोट खाऊन परत जाऊ, असा त्याचा विचार. कुळाचा माणूस रोटाविना राहिला तर दोष लागतो, म्हणून आला बिचारा. हातपाय धुऊन पाटावर बसला. यशोदाबाईने त्याच्यापुढे ज्वारीची भाकर आणि गंगाफळाची भाजी ठेवली.

तो म्हणाला, "माय, बठ्ठा रोट खाई ऱ्हायनात. मालेच भाकर कसाले?"

ती चुलीकडे तोंड करून बसली.

कानबाईच्या दिवसांत आमच्या घरात भाकर कोणापुढे ठेवतात? परक्यापुढे. वाटसरूपुढे, सालावर ठेवलेल्या सालदारापुढे. रुपचंदने ताट पुढे सारलं. "मनी अधोली टाकी नही का?"

"नही रे भाऊ."

"कोनी सांगं?"

"तुना बापनी."

भाकर मात्र त्याने खाल्ली, सगळी खाल्ली, असं यशोदाबाई म्हणाली. हात धुतला आणि सरळ चावडीवर आला.

गर्दी आपोआप बाजूला झाली. साहेबाने मान वर केली आणि त्याचे डोळे चमकले. सकाळपासून पोरं आणि प्रेतं पाहून कंटाळलेल्या माणसाला एकदम रुपचंद दिसला. "ये कौन है?"

अख्खं गाव चुडामणकडे पाहत होतं. चुडामणने पान गिळलं. मी देवाशपथ सांगते, एका क्षणाचाही उशीर त्याने लावला नाही. म्हणाला, "सालदार शे साहेब. बाहेरगावना. गावना मोजनीमा तो नही."

रुपचंद बापाच्या अगदी समोर उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं. मग साहेबाकडे वळला. "खरं शे साहेब. मी सालदार शे. मी येस, मनी खुशी शे. त्याले सोडा." आणि अभिमनचा हात शिपायाच्या हातातून सोडवला.

चुडामण पुढे धावला. "साहेब, तो याडा शे, त्याना आयकू नका," वगैरे बडबडायला लागला. साहेबाला याडा, शहाणा काही नको होतं. एक गप्प उभा आहे, एक तोंडाने खुशी आहे म्हणतो आहे, आणि वर छाती दीडपट. त्याने हाताने अभिमनला बाजूला केलं. डॉक्टरने फीत घातली आणि मान हलवली.

कुलकर्ण्याने विचारलं, "बापाचं नाव?" विचारताना त्या मेल्याने खाली पाहिलं.

"सालदारले बापनं नाव कसाले?" रुपचंद म्हणाला. "गावनं नाव लिखा."

जाताना माझ्यापाशी आला, वाकून पायाला हात लावला. मी म्हटलं, अरे, का करतोस रे असं? तो म्हणाला, "मोठमाय, अभिमननी अधोली पडेल शे, त्याले घर शे. मनी कोठे शे?" आणि शिपायांबरोबर चालायला लागला. यशोदाबाई वेशीपर्यंत धावत गेली. चुडामण तिथेच साहेबाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभा होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस ऊर बडवेल. त्याने खुर्चीवरची धूळ झटकली.

पुढचं ऐका. दुसऱ्या आठवड्यात चुडामण धुळ्याला गेला. आणि चावडीत सालदार असलेला पोर धुळ्याला पोचेपर्यंत पुत्र झाला. मामलेदाराला यानेच सांगितलं, की साहेब, तो माझा एकुलता एक, सरकारच्या पायाशी वाहिला. मामलेदार काय, त्याला सगळं माहीत होतं. पण तालुक्यात असं एखादं नाव त्यालाही हवंच होतं. दसऱ्याच्या आधी दरबार भरला. चुडामणला मंदील बांधला, खुर्चीवर बसवलं, आणि साहेब म्हणाला, असे बाप आहेत म्हणून साम्राज्य उभं आहे. ते मात्र खरं असावं. असल्या बापांवर उभं आहे म्हणूनच ते असं डुगडुगतंय.

मग मानमोडी आली. साथीचा ताप तो, मान मोडून टाकणारा. माणूस सकाळी वावरात जायचा आणि संध्याकाळी त्याला खांद्यावर न्यावं लागायचं. चिंधा गेला, ज्याला साहेबाने आदमी म्हणून बोलावलं होतं. त्याची आई त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. सरपण पुरेना. श्रावणात माणसं मोजायला साहेब आला होता, डॉक्टर आला होता, फीत आली होती. कार्तिकात मोजायला कोणी आलं नाही. एक डॉक्टर नाही, एक पुडी नाही. चुडामण मंदील डोक्यावर घालून दार लावून बसला होता.

त्याच सुमारास लढाई संपली. रुपचंद तेव्हा पुण्याच्या छावणीतच होता. कसली बंदूक आणि कसलं काय. परत आल्यावर त्याने मला सांगितलं, त्यांना लाठ्या दिल्या होत्या, लाठी खांद्याला लावून तोंडाने ठो म्हणायचं. बुटांत पाय जाईना, म्हणून बूट गळ्यात बांधून चालायचे. माणसं गोळा करायची इतकी घाई, की त्यांच्या हातात काय द्यायचं हे ठरवायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, अरे, लाठ्या काय आपल्याकडे नव्हत्या? तो हसला. तेवढंच एकदा हसला.

दुसऱ्या वर्षी आषाढात त्याला सोडलं. गावात आला, पण घरी गेला नाही. वावरातल्या झोपडीत राहिला. उजाडायच्या आत औताला बैल जुंपायचा, दिवस मावळेपर्यंत खपायचा. बाप बांधावर आला की उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "पाटील, आज कोनतं काम करू?" यशोदाबाई भाकर घेऊन जायची, ती खायचा. आईशी गोड बोलायचा. पाटलाला पाटील म्हणायचा. कामात खोट नाही, बोलण्यात उद्धटपणा नाही, चुडामणने भांडायचं तर कशावरून? गाव बघत होतं. अभिमन रोज त्याच्याबरोबर बसून न्याहारी करायचा.

श्रावण आला. कानबाईची मापं घालायला आम्ही पाटलाच्या घरी जमलो. चुडामण मंदील घालून आला. बायकांच्या हातातली अधोली त्याने स्वतः घेतली, जे कुठल्या पुरुषाने कधी केलं नव्हतं, आणि शीग लावून भरली. "रुपचंद," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आमच्याकडे पाहिलं. अधोली पडली.

कानबाई उठल्यावर तो रोटांचं ताट फडक्याखाली झाकून स्वतः वावरात गेला. मी आमच्या बांधाकडेला तण निंदत होते, मला सगळं दिसत होतं. रुपचंद औत थांबवून उभा राहिला.

"बेटा, तुना वाटाना रोट," चुडामण म्हणाला. आवाज पडला होता. "यंदा मी सोता अधोली टाकी."

रुपचंदने फडकं उचलून पाहिलं. मग पुन्हा नीट झाकलं, कोपरे खोचले. "पाटील," तो म्हणाला, "रोट भाऊबंदनीच खावाले जोयजे. सालदारले दिधा ते कानबाईना दोष लागई. तुमन्या पोऱ्याले द्या." आणि बैलांना हाक दिली.

चुडामण किती तरी वेळ औताने काढलेल्या तासात उभा होता. मग ताट घेऊन परत निघाला. माझ्यासमोरून गेला, पण वैनी म्हणाला नाही.

आता अडचण अशी, की अधोली पडली म्हणजे रोट झाला, आणि रोट झाला म्हणजे पुनवेच्या आत संपला पाहिजे. टाकता येत नाही, गुरांना घालता येत नाही, परक्याला देता येत नाही. यशोदाबाईने दोषाला घाबरून एका भाऊबंदाच्या घरी विचारलं, मग दुसऱ्या. सगळ्यांची पोटं भरलेली होती. शेवटी माझ्याकडे आली, म्हणाली, अक्का, अभिमनले धाडा ना, थोडा खाई लेई. मी म्हटलं, "यशोदा, ज्यानी अधोली टाकी त्यानी खावाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. हो म्हणाली आणि गेली.

मग पुनवेपर्यंत ती रोज ताट वाढून चुडामणपुढे ठेवायची आणि समोर बसून राहायची. आपल्या पोराच्या वाट्याचा तो वाळका रोट तो एकटा खात होता, पाण्याचा घोट घेत घेत, शेवटच्या तुकड्यापर्यंत.